निळे सैतान, हिरवं मैदान, धडामधूम!

माहीत आहे का? अमेरिकेत एक टीम आहे, जिने आपल्या खेळाची वर्ल्ड चॅम्पियनशिप चक्क २१ वेळा खिशात घातली आहे. तिच्याकडे बॉल नाही, बॅट नाही, गोलपोस्टशी तिला देणंघेणं नाही. आहेत ते ड्रम, पितळी वाद्यं, झेंडे आणि दीडशेच्या वर पोरंपोरी. नाव ब्लू डेव्हिल्स, गाव कॅलिफोर्नियातलं कॉनकॉर्ड. यातल्या एकाही वादकाला पगार नाही. उलट उन्हाळाभर मैदानावर घाम गाळायला मिळावा म्हणून ही मंडळी स्वतःच हजारो डॉलर फी भरतात!

या वेडाचं नाव ड्रम कोअर. 'म्हणजे बँडच ना?' असं फॅनसमोर म्हणून बघा. बिर्याणीला मसालेभात म्हटल्यावर खानसामा ज्या नजरेने बघेल, ती नजर तुमच्या वाट्याला येईल.

फरक साधा आहे. शाळा-कॉलेजच्या बँडमध्ये सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. ड्रम कोअरमध्ये फुंकायचं ते फक्त ब्रास. बासरीवाल्यांना नो एन्ट्री. मग क्लॅरिनेट वाजवणाऱ्या पोराला मैदानात यायचं असेल तर? काही महिने रक्त आटवून ट्रम्पेट किंवा मेलोफोन शिकायचा आणि ऑडिशनच्या रांगेत उभं राहायचं. अशी पोरं खरंच असतात!

मेलोफोन म्हणजे काय, विचारताय? फ्रेंच हॉर्नचा मैदानी चुलतभाऊ. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असतं, त्यामुळे मैदानात सूर प्रेक्षकांना पाठ दाखवून पळतात. मेलोफोनचं तोंड सरळ पुढे. सूर थेट तुमच्या छाताडावर.

फॅन लोक ब्लू डेव्हिल्सना लाडाने 'बीडी' म्हणतात. गैरसमज नसावा. ही शिलगवायची नाही, पण स्टेडियम पेटवते एवढं खरं.

आता जरा फ्लॅशबॅक. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटना गावोगावी फोफावल्या. सैन्यात वापरून झालेली बिगुलं आणि ड्रम स्वस्तात मिळत होते. मग गल्लीबोळातल्या पोरांना गोळा करून संचलनं सुरू झाली, संचलनांच्या स्पर्धा झाल्या, आणि स्पर्धा म्हटली की भांडणं आलीच. नियम कोणाचे, पैसा कोणाचा, यावरून वैतागलेल्या संघांनी शेवटी स्वतःचीच संस्था काढली, ड्रम कोअर इंटरनॅशनल. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात पहिली चॅम्पियनशिप झाली आणि ॲनाहाइम किंग्समेन पहिले विजेते ठरले.

आणि आपले निळे सैतान तेव्हा काय करत होते? ऐका गंमत. १९५७ मध्ये टोनी आणि ॲन ओडेलो यांनी कॉनकॉर्डमध्ये हे पथक उभं केलं, तेव्हा त्यात ट्रम्पेट नव्हतं, बिगुल नव्हतं. होते ड्रम आणि टिंगटिंग वाजणाऱ्या घंटांच्या पट्ट्या! बिगुलं हातात आली ती थेट १९७० च्या सुमारास. आणि १९७६ मध्ये हीच मंडळी चॅम्पियन! इथे आपला गॅसचा नंबर लागायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात यांनी शून्यापासून शिखर गाठलं.

तिथून पुढे ब्रेकच लागले नाहीत. १९७६ ते १९८२ या सात वर्षांत पाच विजेतेपदं. हे पुरेसं नसेल तर पुढचा हिशेब घ्या. २००९ ते २०२३ या काळात १३ वेळा स्पर्धा झाली, त्यातल्या ९ वेळा कप कॉनकॉर्डला गेला. बाकीच्यांनी उरलेले चार वाटून घेतले.

पण थांबा! २१ विजेतेपदं मिळवणाऱ्या या टीमच्या नावावर कॅलेंडरच्या हिशेबाने एकही हॅटट्रिक नाही. गार्फिल्ड कॅडेट्सनी ती १९८३, ८४, ८५ मध्ये केली. कॅव्हेलिअर्सनी २०००, २००१, २००२ मध्ये केली. बीडी मात्र दोनदा जिंकून तिसऱ्या वर्षी हमखास घसरते. आता फॅन म्हणणार, '२०१९, २०२२, २०२३ चं काय?' कोविडमुळे २०२० चा सीझन रद्द झाला आणि २०२१ मध्ये नुसते शो झाले, स्पर्धा नाही. म्हणजे सलग तीन स्पर्धा जिंकल्या की हो! याला हॅटट्रिक म्हणायचं का, यावर वाद घालायला कोणत्याही फॅनला उठवा, मध्यरात्रीही चालेल. माझं मत? म्हणायचं. बोलिंग टाकायला पिचच नव्हतं तर बोलरने काय करावं!

कॉनकॉर्डच्या पाण्यातच काहीतरी आहे बहुतेक. जॅझचा बादशहा डेव्ह ब्रूबेक १९२० मध्ये याच गावात जन्मला. टॉम हँक्सही इथलाच. आणि माहीत आहे का, या गावात १९६९ मध्ये जॅझ फेस्टिव्हल कोणी सुरू केला? गाड्या विकणाऱ्या कार्ल जेफरसनने! पुढे त्याने कॉनकॉर्डच्याच नावाने जॅझची रेकॉर्ड कंपनीही काढली. मग बीडीच्या नसांत लष्करी मार्चऐवजी जॅझ भिनला, यात नवल काय? १९७४ पासून त्यांच्या ब्रासची सूत्रं वेन डाउनी यांच्याकडे आली आणि त्या ब्रासला जो झुलता, खट्याळ डौल आला, तो आजही पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बॉनी ऑट नावाच्या मुलीने मेलोफोनवर असे सोलो वाजवले की जुने फॅन आजही तिचं नाव घेताना जरा ताठ बसतात.

आता परीक्षकांकडे वळू. एकेकाळी इथे 'टिक' नावाची छळपद्धत होती. परीक्षक पॅड-पेन्सिल घेऊन थेट मैदानात, वादकांच्या मधून फिरायचे. कोणाची काठी अर्धा क्षण उशिरा पडली? टिक. पाय चुकला? टिक. प्रत्येक टिकला ०.१ गुण कापला जायचा. सासूसुद्धा इतकं बारीक मोजत नसेल! १९८३ च्या सीझनसोबत ही पद्धत रिटायर झाली, आणि कोअरनी धाडसी, अवघड ड्रिल करायला सुरुवात केली. चुकीची भीती गेली की माणूस काय काय करतो बघा.

आज १०० पैकी ४० गुण एकूण परिणामाला, ३० दृश्याला, ३० संगीताला. विक्रम कोणाचा? आपल्याच सैतानांचा. २०१४ मध्ये इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या सिनेमांवर बेतलेल्या 'फेलिनिएस्क' या शोला मिळाले ९९.६५०. गेले किती, तर ०.३५! दहावीत हे मार्क मिळाले असते तर गल्लीत फ्लेक्स लागला असता.

उलटंही ऐका. २००८ मध्ये हीच बीडी हरली. किती फरकाने? ०.०२५! इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने 'स्पार्टाकस' सादर केला, गुलामांच्या बंडाची गोष्ट मैदानात अक्षरशः लढून दाखवली आणि ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० ने कप नेला. 'मी स्पार्टाकस!' ही आरोळी तेव्हा मैदानातून स्टँडमध्ये गेली, ती अजून परत आलेली नाही. मी पक्का बीडीवाला, तरी सांगतो, तो शो बघताना अंगावर काटा आला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

गुण सारखेच पडले तेव्हा? सुपर ओव्हर नाही, टॉस नाही, दोघंही चॅम्पियन. १९९६ मध्ये बीडी आणि फँटम रेजिमेंट, १९९९ मध्ये बीडी आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड, २००० मध्ये कॅडेट्स आणि कॅव्हेलिअर्स. पाच वर्षांत तीनदा टाय! त्यानंतर एकदाही नाही.

चला, थोडं सायन्स. घाबरू नका, गणित दोन ओळींचं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. अमेरिकन फुटबॉलचं मैदान रुंदीला जवळजवळ ४९ मीटर. म्हणजे मागच्या रेषेवरचा आवाज पुढे पोहोचायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. आणि लय मिनिटाला १८० ठोक्यांची असेल, तर हा उशीर जवळपास अर्ध्या ठोक्याचा! सगळ्यांनी कुठूनही आलेला आवाज ऐकून ताल धरला तर दहा सेकंदांत भजन होईल. म्हणून तोडगा असा: लयीची चावी मागच्या ड्रमलाइनकडे. पुढचे वादक फक्त मागून येणाऱ्या आवाजावर ताल धरतात. आणि उंच चौथऱ्यावर हात हलवणारा रुबाबदार ड्रम मेजर? तो बऱ्याचदा ड्रमवाल्यांच्या पायांकडे बघून हात हलवत असतो! बॉस कोण, ते आता तुम्हीच ठरवा.

हे सगळं चालता चालता, बरं का. मूळ माप 'आठ ते पाच', म्हणजे पाच यार्डांत आठ पावलं. प्रत्येक पाऊल २२.५ इंच, आपल्या भाषेत ५७ सेंटिमीटर. पुढे, मागे, तिरकं, आणि कमरेवरचं धड कायम प्रेक्षकांकडे. खांद्यावर ट्यूबा असेल तर दहा-पंधरा किलोंचं ओझं वेगळं. शो साधारण अकरा-बारा मिनिटांचा. जिममध्ये ट्रेडमिलवर धावताना कधी गाणं गाऊन बघितलंय? आता ते ट्रेडमिलवर उलटं धावताना ट्रम्पेटवर वाजवा.

प्रत्येकाची जागा ठरलेली असते, तिला 'डॉट' म्हणतात. शोभर असे डॉट लिहिलेली छोटी वही पोरं दोरीने अंगावर बांधून फिरतात. गीता-बायबल बाजूला, डॉटबुक हरवलं की आयुष्य हरवलं.

माहीत आहे का, स्नेअर ड्रमचं कातडं आणि बुलेटप्रूफ जॅकेट सख्खी भावंडं आहेत? दोन्हींत केव्हलारचा धागा! पोरं ड्रम इतका ताणायची की साधं प्लास्टिकचं पान टिकेना. केव्हलार आलं आणि ड्रमचा आवाज टाचणी टोचल्यासारखा कोरडा, नेमका झाला. आपल्या ताशावाल्यांनी तो ऐकला तर भुवया नक्की उंचावतील.

बास ड्रमची गंमत आणखी न्यारी. पाच जण, पाच वेगवेगळ्या आकारांचे ड्रम, आणि पाचांत मिळून एकच ओळ. एकाने एक ठोका, दुसऱ्याने पुढचा, तिसऱ्याने त्यापुढचा, तोही एका सेकंदात दहा-बारा ठोके पडतील अशा वेगात. एकटा ऐकलात तर वाटेल, याला काही येत नाही. पाच जण एकत्र आले की एकच राक्षस वाजवतोय असा भास!

आणि ड्रमचे बोल? आपल्याकडे धा तिरकिट, तिकडे पॅराडिडल, फ्लॅम, पाटाफ्लाफ्ला. मान्यता मिळालेले मूळ बोल ४०. पण पोरांनी त्यांची जी संकरित पिल्लं काढली आहेत, त्यांची नावं 'चीज', 'एगबीटर', 'बुक रिपोर्ट' अशी! प्रॅक्टिस चालू आहे की उडप्याची ऑर्डर, कळायला मार्ग नाही.

पूर्वी भलेमोठे टिंपनी ड्रमसुद्धा अंगावर बांधून चालावं लागायचं, हे माहीत होतं? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मरिम्बा, टिंपनी वगैरे मंडळींना मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी उभं राहायची मुभा मिळाली. त्या दिवशी कित्येक पाठींनी दिवाळी साजरी केली असेल.

नियम बदलला की फॅन भडकलाच पाहिजे, हा इथला अलिखित नियम. २००० पर्यंत फक्त 'जी' सुरातली बिगुलं चालायची. मग इतर सुरांतली ब्रास आली, बोंबाबोंब. २००४ मध्ये माइक आले, पुन्हा बोंबाबोंब. २००९ मध्ये सिंथेसायझर, महाबोंबाबोंब! त्या सिंथच्या खालच्या पट्टीतल्या गडगडाटाला तिकडे 'थंडरस गू' म्हणतात. आपल्या मराठी कानांना तो शब्द जसा ऐकू येतो, अगदी तसंच माझं त्या आवाजाबद्दलचं मत आहे.

टूरवर थाट कसा असेल? फाइव्ह स्टार? छे! रात्री बसमध्ये प्रवास, पहाटे कुठल्याशा शाळेच्या जिमच्या फरशीवर हवेच्या गाद्या, दिवसभर उन्हात बारा-बारा तास सराव, संध्याकाळी शो, पुन्हा बस. सोबत ट्रकमध्ये अख्खं स्वयंपाकघर फिरत असतं. दिवसाला चार जेवणं, पानावर दीड-दोनशे माणसं, आणि वाढणारे बहुतेक स्वयंसेवक. त्यात कोणाची आई, कोणाचे बाबा. पाणी पिण्याच्या सुट्टीला 'गश अँड गो' म्हणतात. घटाघटा ढोसा आणि पळा. सुट्टीचं नावसुद्धा धावतंय!

सगळ्यात भारी शो कुठे होतो? स्टेडियममध्ये? खरे दर्दी म्हणतील, पार्किंगमध्ये. शोच्या आधी ड्रमलाइन मोकळ्या जागेत वॉर्मअप करते, फॅन चहूबाजूंनी कोंडाळं करतात, आणि स्नेअरच्या काठीपासून दोन हातांवर उभं राहून फुकट मैफल! याला 'लॉट' म्हणतात. तिथले व्हिडिओ पाहून जगभरची पोरं उशीवर काठ्या बडवायला शिकली आहेत.

शेजाऱ्यांचेही किस्से घेऊ, नाहीतर म्हणाल बीडीची जाहिरात चालली आहे.

ओहायोतल्या कँटनचे ब्लूकोट्स मैदानात आले की हजारो लोक एकसुरात 'ब्लूऽऽऽ' ओरडतात. नवख्याला वाटतं, हुर्यो उडवतायत! पथकाचं मूळ पोलिसांशी जोडलेलं, म्हणून नाव निळ्या कोटाचं. २०१४ मध्ये यांनी सूर असा वाकवून घसरवला की स्टेडियमच कलल्यासारखं वाटलं. शोचं नावही 'टिल्ट'!

सांता क्लारा व्हॅनगार्डची पोरं 'फिडलर ऑन द रूफ'च्या संगीतावर डोक्यावर बाटल्या ठेवून नाचली, आणि तो बॉटल डान्स त्यांची ओळखच होऊन बसला. १९८९ मध्ये 'फँटम ऑफ द ऑपेरा' करताना तर शोच्या शेवटी अख्खं कोअरच पडद्याआड गायब!

स्टार ऑफ इंडियाना हा तर धूमकेतू. बिल कुक या वैद्यकीय उपकरणांच्या अब्जाधीशाने १९८४ मध्ये काढलं, १९९१ मध्ये चॅम्पियन, १९९३ नंतर स्पर्धेला रामराम. पुढे त्यातूनच 'ब्लास्ट!' हा रंगमंचीय शो जन्मला आणि २००१ मध्ये ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार घेऊन गेला. मैदान सोडलं, मैफल नाही सोडली.

हसता हसता एक डोळे पाणावणारी बातमी. दहा विजेतेपदं मिळवणारे कॅडेट्स १९३४ पासून वाजत होते. २०२४ मध्ये कायमचे थांबले. लढाई मैदानात हरले नाहीत, कोर्टकचेऱ्या आणि कर्जाने हरवलं.

आणि लगेच उतारा! बॉस्टन क्रुसेडर्सची स्थापना १९४० ची. पहिलं वर्ल्ड टायटल? २०२५! पंच्याऐंशी वर्षं थांबले, पण आले. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, म्हणत राहिलेल्या समस्त आरसीबी फॅन मंडळींनी यांचा फोटो देव्हाऱ्यात लावावा. योगायोग बघा, आरसीबीचाही पहिला आयपीएल कप त्याच वर्षी आला.

परत आपल्या सैतानांकडे. बीडीचे विषय ऐकाल तर ढोलाशी काही संबंधच लागणार नाही. २०१२ मध्ये त्यांनी दादा शैलीवर शो केला. आपले दादा नव्हेत हो! १९१६ मध्ये झुरिकच्या एका कॅबरेत जन्मलेली, तर्काची टोपी उडवणारी कलाचळवळ. २०१९ चा शो थिएटर रिकामं झाल्यावर रंगमंचावर जळत ठेवतात त्या एकुलत्या दिव्यावर. आणि २०२३ चा 'द कट-आउट्स' आंरी मातिसवर. म्हातारपणी आजारपणामुळे कुंचला झेपेना, तेव्हा या चित्रकाराने कात्री उचलली आणि रंगीत कागद कापून चित्रं केली. त्यावर विशीच्या आसपासच्या पोरांनी मैदानभर नाचून एकविसावा कप आणला. कात्री त्यांची, बाकीच्यांचा पत्ता कट!

यांची नर्सरीही घरचीच. मोठ्यांच्या ए टीमखाली बी टीम, त्याखाली अगदी चिल्ल्यापिल्ल्यांची सी टीम. ए-बी-सी झालं की डी म्हणजे डेव्हिल!

आता सगळ्यात कडक नियम. वयाची बाविशी आली की खेळ खल्लास. कितीही भारी वाजवा, एक्स्टेन्शन नाही, वशिला नाही. याला 'एज-आउट' म्हणतात. क्रिकेटर चाळिशीपर्यंत खेळतो, तबलजी ऐंशीपर्यंत वाजवतो, इथे मिसरूड नीट फुटायच्या आत निरोप समारंभ! म्हणून दरवर्षी टीममधले जुने जाणार, नवे येणार. गेल्या वर्षीचे चॅम्पियन आणि यंदाचे चॅम्पियन ही एकच माणसं कधीच नसतात. माझ्या मते २१ कपांपेक्षा हा चमत्कार मोठा आहे. दरवर्षी पाटी कोरी होते आणि दरवर्षी त्याच डौलात वाजतं.

फायनल ऑगस्टमधल्या शनिवारी रात्री, इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये. बारा टीम, एक कप. घड्याळ तिकडे आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे टॉपच्या टीम मैदानात उतरतात तेव्हा आपल्याकडे रविवारचे पोहे परतले जात असतात. ऑगस्टपर्यंत धीर नसेल तर आजच ब्लू डेव्हिल्सचा २०१४ आणि फँटमचा २००८ शोधा, हेडफोन लावा, आवाज वाढवा. आणि शेजारी तक्रार घेऊन आले, तर त्यांनाही एक हेडफोन द्या!